लेकीचं ॲक्शन पिक्चर, फॉर्म सी आणि पडलेला दात

आधीच सांगते, पिक्चरचं नाव विचारू नका, हिरोचंही नाही. करारात गुप्ततेचं कलम आहे आणि खाली माझी आणि नवऱ्याची सही आहे. स्टोरी ढोबळ सांगायला हरकत नाही असं प्रॉडक्शनवाल्यांनीच सांगितलंय. एक आडदांड माणूस, आधी मिलिटरीत ड्रायव्हर, आता डोंगराकडेला एकटा राहतो, कुणाशी बोलणं नाही, दारात कुणी आलं तर कडी काढत नाही. बाजूच्या घरातली पोरगी एक दिवस नको ते बघते, गुंड तिच्या मागे लागतात आणि हा माणूस तिला घेऊन पळत सुटतो, मारत सुटतो. त्यातली पोरगी म्हणजे आमची मनू. वय सात, दुसरीत आहे, राहायला आम्ही ठाण्यात, नौपाड्यात.

लिहायचं कारण असं की बिल्डिंगमधल्या, शाळेच्या ग्रुपमधल्या खूप जणी विचारतात, "कसं जमवलं गं?" आणि सगळ्यांना वाटतं की ओळख लागते. ओळख कसली, आमच्या सात पिढ्यांत कुणी स्टेजवर चढलेलं नाही. जे लागलं ते कागद, रजा आणि घड्याळ. त्यातलं कागदांचं कुणी सांगत नाही म्हणून सविस्तर लिहिते.

सुरुवात मे महिन्यातल्या बालनाट्य शिबिरातून झाली. शिबिराच्या ताईंनी मुलांचे छोटे व्हिडिओ काढून कुठेतरी पाठवले होते (आम्हाला विचारून), आणि जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर आठवडाभरात फोन आला की वर्सोव्याला आराम नगरमध्ये ऑडिशनला या. ठाण्याहून जाणाऱ्यांसाठी सांगते, गाडीने जाऊ नका. लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने शेवटचं स्टेशन वर्सोवा, पुढे रिक्षा. पावसात तर हाच मार्ग. आराम नगर म्हणजे जुने बैठे बंगले आणि प्रत्येकाच्या दाराशी ऑडिशनची रांग. बरोबर डबा, पाणी, एक जादा फ्रॉक आणि चित्रकलेची वही न्या कारण किती वेळ थांबावं लागेल याचा नेम नाही. ताटकळून मूल कंटाळलं की आत जाऊन काय ॲक्टिंग करणार.

याच काळात एक फोन आला तोही सांगून ठेवते. "तुमची मुलगी सिलेक्ट झालीय, फक्त आर्टिस्ट कार्ड आणि पोर्टफोलिओचे १८ हजार भरा, आज संध्याकाळपर्यंत." बोलणं इतकं गोड की नवरा यूपीआय उघडून बसला होता. मी म्हटलं थांब, आधी ज्यांनी ऑडिशन घेतली त्यांना विचारू. त्यांनी सरळ सांगितलं की आम्ही मुलाला पैसे देतो, मुलाकडून घेत नाही. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी बास.

जुलैत दुसऱ्यांदा बोलावलं, मग हिरोबरोबर बसवून बघितलं. हा माणूस पडद्यावर दहा जणांना लोळवतो, पण मनूसमोर बसल्यावर त्यालाच काय बोलावं सुचेना. तिने विचारलं, "काका, तुम्हाला सापशिडी येते का?" ते म्हणाले येते, आणि मग बराच वेळ दोघं मोबाईलवर सापशिडी खेळत बसले, डायरेक्टर लांबून बघत होते. त्यावरच सिलेक्शन झालं असं नंतर कळलं.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात कराराचा मसुदा आला. बारीक अक्षरातलं इंग्रजी, पानंच्या पानं. माझे सासरे जिल्हा परिषदेतून रिटायर झालेत, त्यांचं आयुष्य आवक-जावक रजिस्टरमध्ये गेलं, ते चष्मा लावून दोन दिवस तेच वाचत होते. त्यांनी पेन्सिलने खुणा केल्या त्या सगळ्या कामाच्या निघाल्या. मुलीचे सीन बदलले तर आधी आम्हाला लेखी कळवायचं, तिचा आवाज आणि चेहरा या पिक्चरच्या बाहेर वापरायचा नाही, सेटवर तिचा विमा, आणि आई किंवा वडील यांपैकी एक जण कायम नजरेच्या टप्प्यात. हे शेवटचं आधी "सेटच्या परिसरात" असं होतं. बाबा म्हणाले परिसर म्हणजे काय, गेटबाहेरची चहाची टपरी पण परिसरच की. ते बदलून घेतलं.

आणखी एक मागा, मुलाचे सगळे सीन छापील. पूर्ण स्क्रिप्ट देत नाहीत, ठीक आहे, पण आपलं मूल ज्या सीनमध्ये आहे ते द्यायलाच लावा. आम्ही ते वाचले तेव्हा मला रात्रभर झोप नव्हती. कागदावर "मुलगी पलंगाखालून बघते, बूट येतात, रक्त टपकतं" असं वाचलं की पोटात गोळा येतो. नवरा म्हणाला नको करूया. मी पण तेच म्हणत होते. मग डायरेक्टरनी घरी बसून एकेक सीन कसा घेणार ते सांगितलं. पलंगाखाली मनू असेल तेव्हा खोलीत बूट नाहीत, रक्त नाही, कुणीच नाही, फक्त कॅमेरावाला पालथा पडलेला. बूट दुसऱ्या दिवशी वेगळे शूट होणार. हे ऐकल्यावर जरा धीर आला.

आता कागद.

आपल्याकडे बालमजुरीचा कायदा १९८६ चा, २०१६ मध्ये त्यात मोठे बदल झाले. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावायला बंदी आहे, पण सिनेमा, सिरियल, जाहिरातीत कलाकार म्हणून सूट आहे, शाळेचं नुकसान होऊ न देता आणि अटी पाळून. त्या अटी २०१७ च्या नियमांत आल्या. थोडक्यात असं: दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, लागोपाठ २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. पाच मुलांमागे निदान एक जबाबदार व्यक्ती नेमायची. कमाईतले किमान २० टक्के मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. आणि शूटिंग सुरू व्हायच्या आधी निर्मात्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांची, म्हणजे कलेक्टरची परवानगी घ्यायची, त्यासाठी हमीपत्र द्यायचं. त्या हमीपत्राचा नमुना म्हणजे फॉर्म सी. सोबत मुलांची यादी, पालकांची संमती, जबाबदार व्यक्तीचं नाव. हमीपत्राची मुदत सहा महिने.

अर्ज करायचं काम निर्मात्याचं आहे, आपलं नाही. पण विचारायचं काम आपलं. "परवानगी आहे ना?" असं विचारलं की सगळे "हो हो मॅडम, सब हो गया" म्हणतात. तुम्ही म्हणा, कॉपी द्या. आम्हाला पहिल्यांदा "हो गया" म्हणून जे दाखवलं ते लोकेशनच्या शूटिंगचं परमिशन होतं, त्याचा मुलांशी काही संबंध नाही. बाबांनी एका नजरेत ओळखलं.

आमच्या बाजूने लागलेले कागद म्हणजे जन्मदाखला, आधार, आमची दोघांची आधार, शाळेचं बोनाफाईड आणि हरकत नसल्याचं पत्र, डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट (आमच्या डॉक्टरांनी ३०० घेतले), संमतीपत्र, ते प्रॉडक्शनने ५०० च्या स्टॅम्पपेपरवर करून नोटरी करून घेतलं. पॅन कार्ड पण काढा, मुलांचं निघतं, १०७ रुपये लागतात, त्यावर फोटो आणि सही नसते त्यामुळे कार्ड हातात आल्यावर "चुकून आलं का" असं वाटतं, चुकलेलं नसतं. जन्मदाखल्यावर आणि आधारवर नाव अगदी सारखं आहे ना ते आजच बघा, एका वेलांटीवरून अर्ज परत येऊ शकतो. आणि मूल पाच वर्षांचं झालं की आधारचं बायोमेट्रिक अपडेट करावं लागतं, ते केलं नसेल तर आधी ते.

शाळेचं पत्र सगळ्यात अवघड जाईल असं वाटलं होतं, ते सगळ्यात सोपं गेलं. मुख्याध्यापिका बाईंनी एवढंच विचारलं, अभ्यास कोण घेणार? प्रॉडक्शनने सेटवर शिकवायला एक ताई द्यायची हे करारात होतं, ते पान दाखवलं, पत्र मिळालं.

आता गंमत बघा. परवानगी शूटिंग जिथे होणार त्या जिल्ह्याच्या कलेक्टरची लागते. मनूची लोकेशन्स तीन: येऊरचा बंगला, रबाळे एमआयडीसीतली बंद पडलेली कंपनी, आणि खारघरचा डोंगर. प्रॉडक्शनवाल्या अंधेरीच्या पोराला हे सगळं "नवी मुंबई साइड" वाटत होतं. येऊर आणि रबाळे ठाणे जिल्ह्यात, पण खारघर पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्हा, म्हणजे कलेक्टर ऑफिस अलिबागला! नवी मुंबईकरांना हे माहीत असतं, कारण त्यांचे अर्धे कागद ठाण्याला आणि अर्धे अलिबागला जातात, पण त्या पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला. दोन वेगळे अर्ज, दोन वेगळ्या परवानग्या. शेवटी डायरेक्टरनी मनूचा डोंगराचा भाग बेलापूरला पारसिक हिलवर हलवला, खारघरला फक्त हिरो आणि गाड्या. पाच-सहा किलोमीटरचा फरक, पण जिल्हा बदलला.

अर्ज ६ ऑक्टोबरला कोर्ट नाक्याला कलेक्टर ऑफिसात गेला. मला जायची गरज नव्हती, पण घरापासून जवळ म्हणून मी आणि बाबा त्या पोराबरोबर गेलो. बाबांनी त्याला पहिला धडा दिला, कागद द्यायचा तर आपल्या कॉपीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. त्याने शिक्का घेतला, फोटो काढला, मग तिघांनी जाऊन मामलेदार मिसळ खाल्ली. तो बिचारा तिखट नको म्हणायला विसरला.

मग वाट. मध्ये एक त्रुटी निघाली, जबाबदार व्यक्तीचं ओळखपत्र जोडलेलं नव्हतं. ते दिलं तोवर दिवाळी. शूटिंग दिवाळीच्या सुट्टीत उरकायचं असा सगळा प्लॅन होता, म्हणजे शाळा बुडणार नाही, पण सुट्टी सुरू झाली, फराळ झाला, किल्ला झाला, कागद टेबलावरच. प्रॉडक्शनकडून फोन सुरू झाले, "मॅडम, एक दिन का छोटा सा सीन कर लेते हैं, परमिशन तो आ ही रही है." मी नाही म्हटलं. त्यांना वाईट वाटलं असेल, वाटू दे. हमीपत्र असतं म्हणजे काही झालं तर जबाबदार कोण ते लिहिलेलं असतं, नसताना काही झालं तर सगळं आपल्याच पदरात. परवानगी ३ नोव्हेंबरला मिळाली. त्यामुळे शूटिंग शाळेच्या दिवसांत गेलं आणि सेटवरच्या ताईंनी खरोखर रोज अभ्यास घेतला, सात आणि आठचा पाढा मनूने येऊरच्या बंगल्यात पाठ केलाय.

शूटिंग येऊरपासून सुरू झालं. चेकनाक्यावर गाड्यांची चौकशी झाली, वर गेल्यावर "बिबट्याचा वावर" अशी पाटी, मनू खुश. बंगल्यात हिरोचं घर लावलं होतं. सीन रात्रीचा, शूटिंग सकाळी. खिडक्यांना बाहेरून काळं कापड ताणलं आणि आत निळा लाइट. आमच्या अर्जात वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ६ च्या आतली लिहिलेली होती, त्यामुळे मनूच्या सगळ्या रात्री अशाच दिवसाढवळ्या झाल्या. सेटवर बंदुका ढिगाने, पण सगळ्या डमी, आवाज आणि जाळ नंतर टाकतात. तरी पहिल्या दिवशी तिच्या हातात एक देऊन बघायला लावलं, रबराची आहे, वाकते, हे कळल्यावर तिने त्यांच्याकडे परत ढुंकूनही पाहिलं नाही.

पाच तासांचा हिशोब कसा करायचा यावर पहिल्याच दिवशी खटका उडाला. ते म्हणत, कॅमेरा चालू तेवढंच काम. मी म्हणत होते, मूल मेकअपच्या खुर्चीत बसलं तिथपासून काम. नियमात नुसतं काम म्हटलंय. शेवटी प्रॉडक्शन मॅनेजरकडून लिहून घेतलं की रिपोर्टिंग ते पॅक-अप, जेवण आणि अभ्यास सोडून, पाच तास. मी एक शंभर पानी वही केली. आली किती वाजता, ब्रेक किती वाजता, सुटली किती वाजता, आणि शेवटी त्यांच्या जबाबदार ताईची सही. ही ताई म्हणजे पंचविशीची असिस्टंट, तिला सुरुवातीला वहीचं हसू यायचं, नंतर तीच ओरडायला लागली, "सर, बच्ची के बीस मिनट बचे हैं!" तीन तास झाले की ती मनूचा हात धरून सरळ खोलीत घेऊन जायची, मग डायरेक्टर काहीही म्हणो. माझ्यापेक्षा तिचं जास्त ऐकायचे, कारण हमीपत्रावर नाव तिचं होतं.

रक्ताचं विचारतात सगळ्या जणी. मेकअप दादांनी मनूसमोरच बनवलं. साखरेचा घट्ट पाक, लाल खाण्याचा रंग, थोडी कोको पावडर. तिने बोट बुडवून चाटलं, "गोड आहे पण चॉकलेट कमी आहे." त्यानंतर हिरो कपाळावर ओघळ घेऊन बसले तरी ही त्यांच्याबरोबर सापशिडी. फाईट मास्टरनी पण तिला शिकवलं, गालापासून वीतभर लांबून हात जातो, मार खाणारा स्वतःच मान झटकतो, कॅमेरा मागून असल्यामुळे लागल्यासारखं दिसतं. मास्टरजी पन्नाशीचे, अंगठा मोडून वाकडा बसलेला, गुडघ्याला कायम पट्टा. तिने हवेत हात फिरवला की ते "आऽ" करून जमिनीवर कोसळायचे, मग उठून परत.

दोन प्रसंग मात्र सविस्तर सांगायला हवेत.

एक रडायचा सीन. हिरो जखमी पडलाय आणि पोरगी त्याला बिलगून रडते. मनूला रडू येईना, उलट हसू येत होतं. वेळ जात होता. तेव्हा एक असिस्टंट माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, आप थोडा बाहर जाइए, हम बच्ची को बोलेंगे मम्मी चली गई, दो मिनट में रो देगी." अगदी सहज, पाणी मागावं तसं. मी त्याला म्हटलं, मी इथून हलणार नाही आणि तिला असं कुणी काही बोललं तर ती पण इथून घरी जाईल. आवाज चढला माझा, सेट गप्प. डायरेक्टर उठून आले, काय झालं विचारलं, आणि त्या पोराला बाजूला पाठवलं. मग त्यांनी शॉटच बदलला. मनूने तोंड हिरोच्या खांद्यात खुपसायचं, कॅमेरा पाठीमागून, आणि हिरोंनी तिच्या कानात विनोद सांगायचे. पाठ गदगदा हलते ती हसण्याने, पडद्यावर हुंदके. स्वतः मॉनिटरवर बघितलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, माहीत असून.

दुसरा प्रसंग रबाळ्याचा. बंद कंपनीत वरच्या लोखंडी माळ्यावरून हिरो पोरगीला पाठीवर घेऊन खाली उडी टाकतो. दोघांना हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे) आणि वायर, खाली रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचा थर, त्यावर गाद्या. मास्टरजींनी आधी वाळूची पोती सोडून बघितली, मग स्वतः लटकून बघितलं. प्रत्येक हुक हाताने ओढून बघत होते. मनू आदल्या दिवशी प्रॅक्टिसला "मज्जा!" म्हणत होती. त्या दिवशी हार्नेस बांधला, दोन फूट वर घेतलं आणि ती म्हणाली, "नको." एकदाच, पण ठाम. प्रॉडक्शनवाला म्हणाला, कल तो हाँ बोली थी. चॉकलेट झालं, बाहुली झाली, "शूर मुलगी ना तू" झालं. मला पण क्षणभर वाटलं की समजवावं, एवढे लोक थांबलेत. पण नियमात एक कलम अगदी शेवटी आहे, मुलाच्या इच्छेविरुद्ध आणि संमतीशिवाय त्याला भाग घ्यायला लावायचं नाही. पालकांची सही वेगळी, मुलाचं हो-नाही वेगळं. जबाबदार ताईने मास्टरजींकडे बघितलं, मास्टरजींनी काही न विचारता वायर खाली घेतली आणि म्हणाले, "डर गई तो अच्छा है, डर नहीं लगता वही गिरता है."

उडी मग डबलने मारली. स्टंट करणाऱ्या एक ताई, उंचीने जेमतेम मनूच्या डोक्याच्या वर, तिच्यासारखाच पिवळा फ्रॉक, दोन वेण्यांचा विग. पहिल्याच टेकमध्ये ओके. मनू टाळ्या वाजवत होती. नंतर दोघी एकसारख्या फ्रॉकमध्ये बसून डब्यातला शिरा खात होत्या, तो फोटो सेटवर काढायला बंदी म्हणून नाही, नाहीतर फ्रेम केला असता. फोनवरून आठवलं, मुलांचे फोटो-व्हिडिओ कुणी काढायचे नाहीत हे पण लिहून घ्या, आणि मुलीची कपडे बदलायची खोली वेगळी, मोठ्यांबरोबर नाही. काही खटकलं आणि सेटवर कुणी ऐकत नसेल तर चाइल्डलाइन १०९८ आहे, तो नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला होता. लागला नाही.

बेलापूरचं काम पटकन उरकलं, त्यात सांगण्यासारखं फक्त ऊन.

पैशाचं. मनूचे दिवसाला १५ हजार ठरले होते. त्यातून १० टक्के टीडीएस (आधीच कापून घेतात तो इन्कम टॅक्स) म्हणजे १,५०० कापले जातात, २० टक्के म्हणजे ३,००० मुदत ठेवीत, हातात १०,५००. प्रॉडक्शनचा अकाउंटंट टीडीएस वजा जाता उरलेल्याच्या २० टक्के म्हणत होता, म्हणजे २,७००. नियमात मुलाने कमावलेल्या उत्पन्नाच्या २० टक्के म्हटलंय, म्हणून पूर्ण रकमेवर धरायला लावलं. ही रक्कम थेट ठेवीत जमा व्हायला हवी, "तुम्ही घ्या आणि नंतर ठेवा" असं नाही. आमची सगळी खाती सहकारी बँकेत, ती चालत नाहीत, राष्ट्रीयीकृतच लागते, म्हणून नौपाड्यातच दुसऱ्या बँकेत मनूचं खातं नव्याने उघडलं, पालक म्हणून माझं नाव. तिथे एक मजेदार अडचण. ठेव अठराव्या वर्षी मिळायला हवी, पण मुदत ठेव जास्तीत जास्त दहा वर्षांची होते, आणि मनू सात वर्षांची. म्हणजे ठेव सतराव्या वर्षीच पिकणार. काउंटरवरच्या बाईंनी आपोआप नूतनीकरणाच्या चौकोनात बरोबरची खूण करायला सांगितली, झालं.

सीएकडे एकदा जाऊन या. मुलाचं व्याज वगैरे उत्पन्न आई-वडिलांच्या उत्पन्नात धरतात, पण स्वतःच्या कलेतून कमावलेलं धरत नाहीत, ते त्याचं स्वतःचं. त्यामुळे टीडीएस परत हवा असेल तर मुलाच्या पॅनवर रिटर्न भरायचा, सही पालकाची. दुसरीतल्या मुलीचा इन्कम टॅक्स रिटर्न! बाबांनी त्याची एक प्रिंट काढून ठेवलीय.

फेब्रुवारीत अंधेरीला डबिंग झालं. काचेच्या खोलीत हेडफोन लावून हुंदके द्यायचे होते, ते तिने मनसोक्त दिले, कारण आता समोर कुणी जखमी नव्हतं. तिथे पहिल्यांदा पिक्चरचे तुकडे बघितले आणि मी नवऱ्याला फोन केला की हिला हे थिएटरात दाखवायचं नाही. २०२४ च्या नियमांपासून सेन्सॉरच्या यूए सर्टिफिकेटचे (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायचं ते) तीन भाग झालेत, ७+, १३+ आणि १६+. मारामारी बघता हे १६+ च्या खाली येईल असं वाटत नाही, आणि ए, म्हणजे फक्त मोठ्यांसाठी, मिळालं तर तिला आत सोडणारच नाहीत. मनूला सांगितलं तर म्हणाली, "मग माझं नाव येतं तेवढं दाखव." आणि पिक्चरमध्ये एक पाटी पण दाखवावी लागते, की शूटिंगमध्ये मुलाचा छळ, दुर्लक्ष किंवा शोषण झालेलं नाही. इतकी वर्षं अशा पाट्या येताना मी पॉपकॉर्न शोधत असायचे.

आता सध्या कुठे अडलंय ते. एडिटिंगमध्ये येऊरच्या बंगल्यातले दोन शॉट कमी पडले, त्याला हे लोक पॅचवर्क म्हणतात, ते मे महिन्याच्या सुट्टीत करायचं ठरलंय. पण मनूचा वरचा समोरचा दात डिसेंबरच्या शेवटी पडला! कंटिन्युइटीवाली ताई (आधीच्या शॉटशी सगळं जुळतंय ना ते बघणारी) फोनवर अक्षरशः ओरडली. डेंटिस्टकडे नेऊन काढता-घालता येणारा एक खोटा दात करून घेतला, खर्च प्रॉडक्शनचा, पण आता हिरडीतून खरा दात यायला लागलाय आणि खोटा बसत नाहीये, म्हणून त्या शॉटमध्ये तोंड मिटून ठेवायचं असं डायरेक्टरनी मान्य केलंय. पोरगी घाबरलेली आहे, बोलत नाही, चालून जाईल.

आणि दुसरं म्हणजे ऑक्टोबरच्या हमीपत्राचे सहा महिने एप्रिलमध्येच संपतात. अंधेरीच्या पोराचा परवा फोन आला, "मॅडम, सिर्फ आधे दिन का काम है." मी म्हटलं, नवीन फॉर्म सी. तो म्हणाला, "हाँ मॅडम, वही बता रहा था, कल कोर्ट नाका आ रहा हूँ, अंकल को बोलिए शिक्का मैं खुद ले लूँगा." शेवटचा हप्ता पॅचवर्कनंतर मिळणार आहे, मिळाला की त्यातले २० टक्के वेळेवर ठेवीत गेले का तेही इथेच लिहीन.